अकरा सह्या

लोक अजून विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते. हो, सह्या आत्यानंच केल्या होत्या. ती युनियनची सेक्रेटरी, आणि ‘आम्हाला ही युनियन नको, तिची मान्यता काढा’ अशा अर्जावर अकरा सह्या तिच्या हातच्या. इथपर्यंत खरं आहे. पण जे लोक इथपर्यंत सांगतात आणि मग मान हलवत गप्प बसतात, त्यांना बघून माझं डोकं फिरतं. पुढचं ऐका.

ती माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. मी लॉन्ड्रीत लागले तेव्हा पहिल्याच दिवशी ‘आत्या हे कुठे ठेवू, आत्या ते कुठे टाकू’ करत सगळीकडे हिंडले. तेव्हापासून सगळी लॉन्ड्री तिला आत्याच म्हणायला लागली. सुपरवायझर म्हणायचा. तिच्याहून वयानं मोठी असलेली थोरलीबाई म्हणायची. मॅनेजर चिडला की ‘बाई’ म्हणायचा आणि काम असलं की ‘आत्या’.

आमची लॉन्ड्री इस्पितळांचे कपडे धुते. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनची हिरवी फडकी, डॉक्टरांचे गाऊन. लोखंडी ढकलगाड्या भरून माल येतो आणि त्यात काय काय निघतं ते जेवताना वाचत असाल म्हणून सांगत नाही. एका बाजूला धुलाईची मशीनं, ती ओली बाजू. तिथे आम्ही अकरा जणी. दुसऱ्या बाजूला गरम रोलर आणि घडीची टेबलं, ती कोरडी बाजू. मध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीला लागून पहिलं टेबल आत्याचं. चादर तिच्या हातात आली की दोन झटके, तीन घड्या, संपलं. घरीसुद्धा हात थांबायचा नाही. बोलता बोलता समोरचा टॉवेल घडी, पिशवी घडी. एकदा माझा ओला रुमाल खिशातून काढून घडी करून परत ठेवला होता.

आता पद्धत समजून घ्या, कारण सगळं त्यावर आहे. ओल्या बाजूच्या बाईचे हात सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओले. कोपरापर्यंत ओले. पण सह्या तर रोज लागतात. हजेरीला, साबणाला, हातमोज्यांना, बुटांना, सगळ्याला. ओल्या हातानं सही केली की रजिस्टर फुगतं, शाई पसरते आणि सुपरवायझर बोंबलतो. हात पुसायला गेलं की मशीन उभं राहतं, तेव्हाही बोंबलतो. म्हणून फार वर्षांपूर्वी, मी लागायच्या कितीतरी आधी, असं ठरलं की भिंतीजवळच्या टेबलावरची बाई ओल्या बाजूच्या सगळ्यांच्या सह्या करेल. आधी दुसरी होती, ती रिटायर झाली, मग आत्या. मॅनेजरला ठाऊक होतं. त्यालाच ते सोयीचं होतं.

आधीची बाई एकाच वळणानं अकरा नावं लिहून टाकायची. आत्यानं तसं केलं नाही. माझे आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आत्या सातवीपर्यंत शिकली, पण शाळेपेक्षा जास्त वेळ ती त्यांच्याजवळ बसून अक्षरांत रंग भरायची. जाड, बारीक, तिरकं, गोल, हव्या त्या वळणाचं अक्षर काढायची. तिनं अकरा जणींना अकरा सह्या बनवून दिल्या. एकीची उभी, एकीची आडवी पसरलेली, एकीच्या शेवटी लांब शेपूट. मी विचारलं, एवढा कुटाणा कशाला? तर म्हणाली, “सगळ्या सारख्या दिसल्या तर ती माणसं राहिली का? गठ्ठा झाला.”

थोरलीबाईला लिहिता येत नव्हतं. रजिस्टरमधली आपली सही तिला एवढी आवडली की महिनाभर पिठाच्या डब्याच्या झाकणावर बोटानं गिरवत बसली. आता बँकेत तीच करते. अंगठा लावायला सांगितलं की तिला राग येतो. माझ्या सहीखाली मात्र आत्या रेघ मारायची नाही. बाकी सगळ्यांना होती. “तू आधी एका जागी टिक,” म्हणाली. माझं तेव्हा तिसरं काम सुटून चौथं चालू होतं.

तिच्याबद्दल आणखी काय सांगू. एकोणिसाव्या वर्षी लॉन्ड्रीत लागली. लग्न झालं, नवरा दोन वर्षांत गेला. म्हणजे मेला नाही, गेला. कुणी विचारलं तर ती शांतपणे सांगायची, “पत्ता द्यायचा विसरला.” माझी आई वारली तेव्हा मी सहा वर्षांची. वडील ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. आत्या माझी पिशवी आणि मला घेऊन आपल्या खोलीत आली आणि तिनं तो विषय परत कधी काढला नाही. मी नववीत शाळा सोडली तेव्हा चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “बरं. मग काम नीट कर.”

युनियन तिनं काही भाषणं देऊन काढली नाही. रोलरमुळे निघाली. दोन गरम लोखंडी दंडगोल, त्यांच्यामध्ये चादर घालायची, पलीकडून ती सपाट होऊन निघते. तेव्हा त्याला थांबवायची पट्टी नव्हती. एका बाईचा हात चादरीबरोबर आत गेला. बटण पलीकडच्या भिंतीवर होतं आणि तिथपर्यंत धावायला लागलं. ती बाई आत्याच्या शेजारी उभी असायची. बटणापर्यंत धावली ती आत्या. एवढंच मला माहीत आहे, कारण ती याच्यापुढे कधी बोलली नाही.

त्यानंतर त्यांनी युनियन केली, दीड वर्ष खेटे घातले आणि मान्यता मिळवली. मान्यता मिळाल्यावर पहिली मागणी पट्टीची. रोलरच्या तोंडाशी लाल पट्टी, मनगट लागलं की मशीन बंद. मॅनेजर आधी म्हणायचा खर्च आहे, बघू. मान्यता आल्यावर त्याला टेबलावर समोर बसून उत्तर द्यायला लागलं. तीन महिन्यांत पट्टी बसली. ती पट्टी माझ्यासमोर दोनदा वाजली आहे. दोन्ही बायकांना दहा बोटं आहेत.

मग नवीन मालक आले. त्यांनी बदलीवाले भरायला सुरुवात केली. कायम कोणी नाही, बोलावलं की यायचं. आम्ही कायम चाळीस होतो, बदलीवाले बघता बघता पंचवीस झाले. आणि एक सल्लागार आला. पांढरा शर्ट, चकचकीत बूट, आवाज असा की बाळाला झोपवतोय. डब्याच्या सुट्टीत येऊन म्हणाला, “तुमची युनियन कोणी मोडत नाहीये. हवी तर ठेवा. नको असेल तर नको म्हणायचा तुमचा हक्क आहे, एवढंच सांगायला आलो.”

तो गेल्यावर थोरलीबाईनं विचारलं, “आत्या, हा मान्यता रद्द, मान्यता रद्द करत होता ते नक्की काय असतं गं? युनियन बंद?”

“बंद नाही,” आत्या म्हणाली. “युनियन राहील. फळा राहील, पावतीपुस्तक राहील, मी राहीन. फक्त मी काही बोलले तर मॅनेजरनं ऐकलंच पाहिजे असं राहणार नाही.”

“म्हणजे मी माझ्या घरात आहे तशी,” थोरलीबाई म्हणाली.

सगळ्या हसल्या. आत्यापण हसली. मग म्हणाली, “आणि ते कंपनी करू शकत नाही. म्हणून हा एवढा गोड बोलतोय. कामगारांनीच लिहून द्यायला लागतं, आम्हाला नको म्हणून. तीनातल्या एकानं सही केली की कामगार कार्यालय गुप्त मतदान घेणार. निम्म्याच्या वर नको म्हणाले की मान्यता गेली. कंपनी म्हणणार, आम्ही कुठे काय केलं? यांनीच केलं.”

“कोण करणार सही?” मी म्हटलं. “मी बघतेच.”

“तू काय बघणार? बदलीवाल्यांना सांगितलंय, युनियन गेली की कायम करू. त्यांच्या जागी तू असतीस तर तूही केली असतीस.”

“मी नसती केली.”

“तुला उपाशी राहायची सवय नाही म्हणून असं वाटतं. खा आता.”

पंचवीसपैकी अठरा जणांनी सह्या केल्या हे आम्हाला नंतर कळलं. पासष्टचा तिसरा भाग म्हणजे बावीस. कंपनीला चार-पाच कमी पडत होत्या.

त्याच सुमारास हातमोजे संपले. खरंच संपले की संपवले, देव जाणे. नऊ दिवस ओल्या बाजूला हातमोजे नाहीत. डाग काढायच्या पाण्यात नुसते हात. तिसऱ्या दिवशी बोटांची कातडी पांढरी पडली, पाचव्या दिवशी भेगा. आमच्यात एक बारकी होती, नवीन लग्न झालेली. तिच्या तळहाताला फोड आले, ते फुटले, आणि ती घरी भाकरी थापू शकत नव्हती म्हणून सासूची बोलणी खात होती. आत्या रोज सुपरवायझरच्या मागे. रोज उत्तर, उद्या.

दहाव्या दिवशी सुपरवायझर भिंतीजवळ आला. हातात नेहमीचा चिमट्याचा फळा, त्यावर कागद. “आत्या, हातमोजे आलेत. सह्या करा पटकन, लगेच वाटतो.” मागे खरंच खोकं होतं. बारकी खोक्याकडे बघत होती, हात छातीशी धरून. कागदावर रकाने तेच. अनुक्रमांक, नाव, विभाग, सही. वरचा कागद मागे दुमडून चिमट्यात अडकवलेला. आत्या एरवी मागचा कागद उलटून बघायची. साबणाची सहीसुद्धा वाचून करायची, त्यावरून सुपरवायझर तिला चिडवायचा, “आत्या, साबणच आहे, मृत्युपत्र नाही.” त्या दिवशी तिनं उलटला नाही. अकरा सह्या केल्या, प्रत्येकीची वेगळी, शेपटीसकट. वर म्हणाली, “आधी बारकीला द्या.”

हातमोजे मिळाले. चांगले होते.

बारा दिवसांनी कामगार कार्यालयाची नोटीस फळ्यावर लागली. अर्ज आलाय, अर्जदार एकोणतीस, कोणाची हरकत असेल तर सात दिवसांत कळवा. खाली सह्यांच्या कागदाची नक्कल. मी वाचून दाखवत होते. अठरा नावं बदलीवाल्यांची. एकोणिसावं थोरलीबाईचं.

“माझं?” ती म्हणाली. “मी कुठे केली?”

विसावं बारकीचं. सव्विसावं माझं. माझ्या सहीखाली रेघ नव्हती.

पहिली दोन मिनिटं आम्ही एकमेकींकडे बघत होतो, तू केलीस का, तू केलीस का. मग थोरलीबाईनं कागदावर आपल्या शेपटीवर बोट ठेवलं आणि तिचा चेहरा बदलला. ती वळली. आत्या मागेच उभी होती.

“आत्या, तू विकलीस का गं आम्हाला?”

एवढ्या हळू म्हणाली. मी मध्ये पडले. मी काय काय बोलले ते लिहायला नको, वयानं मोठी बाई आहे ती. आत्यानं माझा दंड धरून मला मागे ओढलं.

“तिचं बरोबर आहे,” म्हणाली. “सह्या माझ्याच आहेत. मी वाचलं नाही.”

मग सुपरवायझरला गाठलं. तो म्हणाला, मी कागद आलाय म्हणालो, हातमोजे म्हणालोच नाही, खोकं योगायोगानं मागे होतं. बोलताना आत्याकडे बघत नव्हता. त्याच्याही घरी खाणारी तोंडं असतील. मला त्याचं काही नाही.

संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत सगळ्या बसल्या. कुणी बाकावर, कुणी बादल्या उलट्या घालून.

एकजण म्हणाली, “सोपं आहे. आम्ही अकरा जणी जाऊन सांगतो, सह्या आमच्या नाहीत.”

“ते हजेरीचं रजिस्टर काढतील,” आत्या म्हणाली. “सहा वर्षांचं. रोजची सही आणि ही सही शेजारी ठेवतील. तंतोतंत जुळेल. म्हणतील बायका दबावाखाली पलटल्या.”

“मग मतदान होऊ दे. आपण जिंकू.”

“पंचवीस ते. आपल्यातले आठ फुटले की तेहतीस झाले. चाळीसमधले आठ फुटत नाहीत असं छातीवर हात ठेवून सांग.”

दोघी खाली बघायला लागल्या.

“मग राहिलं काय?”

आत्या कुणाचा तरी एप्रन घडी करत होती. “एकच हात होता हे दाखवायचं,” म्हणाली.

याचा अर्थ काय ते सगळ्यांना कळलं. सही दुसऱ्याच्या नावाची केली असं कागदावर कबूल केलं की कंपनीच्या नियमात बडतर्फी. सत्तावीस वर्षं झाली असोत की सत्तावीस दिवस. पद्धत कुणाची होती, कुणाच्या सोयीची होती, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

घरी येऊन मी तिच्याशी भांडले. मी म्हटलं, जाऊ दे की मान्यता. तुझं काय अडलंय? तुझ्या नोकरीवर ही खोली आहे. त्या बाईनं तुला तोंडावर विकलीस का विचारलं, आणि तू त्यांच्यासाठी स्वतःच्या पोटावर पाय आणतेस?

ती भांडी विसळत होती. “झालं बोलून?”

“नाही झालं.”

“मग बोल. मी ऐकते.”

मी बोलत राहिले. माझ्याकडचे शब्द संपले तेव्हा ती हात पुसत म्हणाली, “मला नोकरी नको असं वाटतं का तुला? मला हवी आहे. या वयात कोण घेणार मला? पण आता मी गप्प बसले तर ती पोरगी जे म्हणाली ते खरं होईल. मग मी त्या टेबलापाशी उभी कशी राहू?”

“ती पोरगी नाही, साठीची आहे.”

“तेच ते.”

सुनावणी कामगार कार्यालयात होती. जिना, पिवळ्या भिंती, एक लांब टेबल, त्यावर काचेखाली जुनी कॅलेंडरं. अधिकारी चष्मा कपाळावर चढवून कागद वाचणारा माणूस, वाईट वाटला नाही. एका बाजूला सल्लागार आणि मॅनेजर. दुसऱ्या बाजूला आत्या, मी, आणि दाराशी ओल्या बाजूच्या बाकी दहा जणी. सगळ्यांनी अर्धा दिवस खाडा केला होता.

अधिकारी म्हणाला, “तुमची हरकत अशी की या अकरा सह्या खोट्या आहेत. मग केल्या कुणी?”

मी उभी राहिले. “मी केल्या.”

हे मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं. माझी नोकरी गेली तर गेली. माझ्या नोकऱ्या जातच असतात. आत्यानं माझ्याकडे असं बघितलं, तसं मी शाळा सोडली तेव्हाही बघितलं नव्हतं.

अधिकाऱ्यानं कोरा कागद पुढे सरकवला. “करून दाखवा. पहिली.”

पहिली थोरलीबाईची. मी ती सही रोज बघत होते, डोळे मिटून सांगू शकले असते. पेन टेकवलं. शेपूट वर गेली. परत केली, खाली गेली. मागे कुणीतरी नाक ओढलं. सल्लागार खिडकीबाहेर बघायला लागला, हसू दिसू नये म्हणून.

“बस खाली,” आत्या म्हणाली. मग अधिकाऱ्याला, “साहेब, लहान आहे. माझ्यावर जीव आहे तिचा. कागद इकडे द्या.”

तिनं पेन घेतलं. बसायला सांगितलं तरी बसली नाही, टेबलापाशी उभी राहूनच लिहायची तिला सवय. थोरलीबाईची केली. मग बारकीची. गोल, पसरट, उभी, तिरकी. कुठेही थांबली नाही. प्रत्येक सही झाली की त्या बाईकडे एकदा बघायची, जणू विचारतेय, बरोबर ना. अधिकाऱ्यानं चष्मा खाली घेतला. आठवी माझी आली. ती केली, आणि पेन उचलायच्या आधी खाली रेघ मारली. मग लक्षात आलं तसं म्हणाली, “ही रेघ चुकून, साहेब. अर्जात नाही.” आणि ती खोडून शेजारी परत केली.

अकरा झाल्यावर तिनं कागद अधिकाऱ्याकडे सरकवला.

अधिकाऱ्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. बराच वेळ बघितलं. मग दाराशी उभ्या बायकांना एकेक करून विचारलं, “हा अर्ज तुम्ही वाचला होता? यांना सही करायला सांगितलं होतं?” प्रत्येकीनं नाही म्हटलं. मलाही विचारलं. मीही नाही म्हटलं. ते नाही मला अजून सलतं, कारण ते खरं होतं आणि तिच्या विरुद्ध होतं.

सल्लागार म्हणाला, “साहेब, बाईंनी आत्ताच दुसऱ्यांच्या नावानं सह्या केल्याचं कबूल केलं. याची नोंद घ्यावी.”

“तो तुमच्या कंपनीचा प्रश्न,” अधिकारी म्हणाला. “माझ्यापुढे अर्ज आहे. एकोणतीसमधून अकरा गेल्या, अठरा राहिल्या. बावीस लागतात. अर्ज फेटाळला.” मग आत्याकडे बघून म्हणाला, “बाई, तुम्ही वकील घेऊन यायला हवं होतं.”

“वकिलाला एवढ्या सह्या आल्या नसत्या,” आत्या म्हणाली.

जिना उतरताना थोरलीबाई तिच्या शेजारून चालत होती. खाली आल्यावर तिनं आत्याच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि बस येईपर्यंत धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी गेटवर निलंबनाचं पत्र. मग खातेचौकशी, तीन तारखा. आम्ही सगळ्यांनी जाऊन सांगितलं की ही पद्धत होती, मॅनेजरला माहीत होती. मॅनेजर म्हणाला मला माहीत नव्हती. दोन महिन्यांत बडतर्फ. सत्तावीस वर्षांचं आत्याचं सामान एका पिशवीत मावलं, त्यात अर्धी तिनं घडी केलेली फडकी होती.

मी त्याच संध्याकाळी राजीनामा लिहिला. तिनं वाचला, दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि फाडला. “तू गेलीस की चाळीसचे अडतीस. माझं गेलं ते गेलं, तुझं मत कशाला घालवतेस? सकाळी लवकर उठ.” मी त्या दिवशी तिच्यावर जेवढी चिडले तेवढी कुणावर चिडले नाही. सकाळी लवकर उठले.

पुढे बदलीवाल्यांतल्या काहींशी आम्ही बोलायला लागलो. अठराजणांतली एक चादरीच्या दुसऱ्या टोकाला माझ्यासमोर उभी राहायची. कायम तर तिला कोणी केलंच नव्हतं. एकदा मान खाली घालून म्हणाली, “मला वाटलं, नको म्हटलं की दुसरी युनियन मिळते.” मी खूप कडू बोलणार होते. मग मला आत्याचं आठवलं, तिच्या जागी तू असतीस तर. मी तिला सांगितलं मान्यता जाणं म्हणजे काय. पट्टीची गोष्ट सांगितली. तिनं चादरीचं टोक सोडलं नाही आणि ऐकत राहिली. पुढच्या महिन्यात ती सभेला आली, मागे बसली.

आत्या आता शिंप्याकडे काजं करते, बटणं लावते. डोळ्यांना त्रास होतो, सांगत नाही. युनियनचं विचारते, पण स्वतः येत नाही. म्हणते, बाहेरच्या माणसानं आत बसू नये.

सेक्रेटरी आता मी आहे. मला कोणी विचारलं नाही, हात वर झाले. दरवर्षी कंपनीबरोबर करार होतो, त्याच्या आधी मागण्यांची यादी जाते. यादीत पहिला मुद्दा आम्ही तोच ठेवतो, आत्याला कामावर परत घ्या. मॅनेजर तो वाचतो, म्हणतो विषय संपलेला आहे, खोडतो. पण आम्हाला मान्यता आहे, म्हणून खोडायच्या आधी त्याला माझ्यासमोर बसून तो मोठ्यानं वाचायला लागतो, आणि का नाही ते सांगायला लागतं. तीन वर्षं झाली. दरवर्षी कारण वेगळं सांगतो. याचा अर्थ त्याला धड कारण सापडलेलं नाही.

आत्याला हे आवडत नाही. परवा मी यादी घेऊन बसले होते तर बटण लावता लावता म्हणाली, “तो पहिला मुद्दा काढ आता. त्याच्या जागी ओल्या बाजूला पंखे माग. बायका उकडून निघतात. एका मुद्द्यावर तो अडला की बाकीचे ढिले पडतात, तुला कळत नाही का?”

“पंखे दुसरा मुद्दा आहे.”

“पंखे मिळण्यासारखे आहेत. मी नाही.”

“माहीत आहे.”

“मग?”

तिनं दातानं दोरा तोडला, सुई ओवायला माझ्याकडे दिली. मी ओवून दिली आणि यादी पहिल्या मुद्द्यासकट लिफाफ्यात घातली.